हळद लागलेले डॉलर

"नोटांना घडी घालू नका, पिन मारू नका, पेनाची खूणही नको. तिकडे डाग असलेली नोट घेत नाहीत," असं दहादा बजावून वसईतल्या पैसे बदलून देणाऱ्यानं डॉलरचं पाकीट माझ्या हातात दिलं. ते मी छातीशी धरून जूचंद्रला घरी आणलं नि कपाटात ठेवलं. पण जीव काही थाऱ्यावर नव्हता.

जहाजावर कामाला असलेला माझा धाकटा भाऊ इंडोनेशियातल्या एका इस्पितळात पडला होता. जाड दोरात अडकून त्याचा पाय गेला, गुडघ्याखाली कापावा लागला. घरात पासपोर्ट माझ्या एकटीकडे, म्हणून त्याला आणायला मीच निघाले होते. आईला सांगितलं, पाय मोडलाय, प्लास्टर घातलंय. आम्ही दोघा भावंडांनी मिळून तसंच ठरवलं होतं. तो घरी आला की मग काय ते बोलू.

निघायच्या दिवशी सकाळी औषधं आणायला नायगावला गेले. परत येऊन बघते तर काय, देवापुढे पाटावर सगळे डॉलर मांडलेले आणि प्रत्येक नोटेवर हळदीकुंकवाचं बोट! आमच्याकडे फ्रिज येवो, स्कूटर येवो, परीक्षेचं हॉल तिकीट येवो, आई आधी हळदकुंकू लावणार. पण डॉलरला?

"अगं आई, काय करून ठेवलंस हे! लावायचंच होतं तर एका नोटेला लावायचं. सगळ्या कशाला माखल्यास?"

मी ओल्या कापसानं पुसायला गेले तर हळद आणखीच पसरली. डोकं असं सणकलं माझं! संध्याकाळचं विमान, बॅग अजून उघडीच. तशीच रिक्षा पकडली आणि वसईपर्यंत रिक्षावाल्याच्या मागे लागले, "दादा, पळवा ना जरा."

पैसेवाल्यानं एक नोट दिव्याखाली धरली. "ताई, कमी भावानं परत घेतो. नव्या नोटा आज नाहीत. रुपये घेऊन जा, विमानतळावर बदलून मिळतील. महाग पडेल."

"लुटा, सगळे मिळून लुटा," मी म्हटलं आणि रुपये घेतले. करते काय!

घरी आले तोवर गाडी दारात उभी. बॅग कोंबली, आत बसले. आई खिडकीपाशी आली. माझा राग अजून उतरला नव्हता. "तुझी हळद केवढ्याला पडली माहितीये?"

"पाय नुसता मोडला असता तर एकाच नोटेला लावली असती गं," ती म्हणाली. "कापलाय ना? तू मोरीत नळ सोडून फोनवर बोलायचीस. पानी वाजायचं, पन मला ऐकू यायचं."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तरी तिनं काचेवरचा हात काढला नाही.

"मला कळलंय म्हनून त्याला सांगू नको," ती म्हणाली. "घरी येऊन त्यालाच सांगू दे."