पीवरची फुली

नवापुरात पाट्या रंगवण्यात सलाउद्दीनचाचांची हयात गेली, पण असा ताप कधी झाला नव्हता. चर्चच्या फाटकावर त्यांनी ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं एकमेकांत गुंफून काढली, पास्टरांनी दिलेल्या चित्राबरहुकूम. दिसायला इंग्रजी पी आणि त्यावर फुली. दुसऱ्या दिवसापासून जो तो विचारू लागला, "चाचा, आठे गाडी लावानी नही का?"

येशूचं नाव आहे, हे सांगून सांगून चाचांचा घसा बसला. लोक मान डोलवत आणि गाडी पुढे नेत. शेवटी वैतागून ते पास्टरांना म्हणाले, "पुसूनच टाकतो."

"पुसू नका," पास्टर म्हणाले. "इथे 'गाड्या लावू नयेत' असं तुम्हीच तीनदा रंगवलं होतं, कुणी ऐकलं? मागच्या फाटकावरही हेच काढा."