एका जागेवरनं सात टप्पे

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, चहा निवायच्या आत. पुढचं सांगताना मला तुमच्या तोंडाकडं बघवणार न्हाय.

वडगावात आमचं घर म्हणजे मागं यंत्रमाग आणि पुढं आम्ही. जन्मापासनं खटाखट, खटाखट! त्या आवाजात ऐकू यावं म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलायचे. मग माग विकले, बायको गेली, लेक लग्न होऊन पुण्याला गेली. घर असं गप्प झालं, की फ्रिज सुरू झाला तरी मी म्हणायचो, "कोण हाय?"

म्हणून हा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी बोलण्याचा नाद. परीक्षा दिली, लायसन मिळालं, गच्चीवर अँटेना चढवला. लेकीनं रेडिओला जोडायची एक डबी पाठवली. ही डबी 'मी अमुक ठिकाणी आहे' असा छोटा संदेश हवेत सोडते. डोंगरावरची स्टेशनं तो ऐकतात, पुढं ढकलतात आणि लांबच्या माणसाच्या मोबाईलमधल्या नकाशावर आपला ठिपका उमटतो. संदेश किती टप्पे जावा आणि किती वेळानं सुटावा, ते आपण ठरवायचं.

शहाण्या माणसानं घरातल्या स्टेशनाला एक टप्पा दिला असता. मी सात दिले! जायचंच हाय तर लांब जाऊ दे की! आणि वेळ? दर अर्ध्या मिनिटाला. वर सोबत लिहिलं, 'चहा तयार आहे, या.'

आणि रेडिओ बोलायलाच लागला हो! क्रर्र! क्रर्र! मी एक संदेश सोडला की चार-पाच क्रर्र परत.

शेजारच्या सुमनआक्काला हाक मारली. "आक्का, ऐक गं! लोकं उत्तर द्यायल्यात!"

"काय म्हणत्यात?"

"ते अजून कळंना. पण लई जण हाईत!"

त्या क्रर्रच्या सोबतीनं मी जेवायला लागलो. झोपायलाबी लागलो.

मग एका सकाळी नकाशावर एक मोटरसायकल उमटली. बोरगावहून निघाली, निपाणीला आली, संकेश्वरला आली, मधेच गायब झाली आणि एकदम काकतीजवळ! माझ्याकडंच येत होती की!

"पहिल्यांदा येणारा माणूस, तसाच कसा आत घ्यायचा?" म्हणत आक्कानं आरतीचं ताट केलं. मी शिरा ढवळला, शाल काढली, नारळ काढला. नवा सदरा घातला, उलटा. आक्कानं परत सुलटा घालायला लावला.

दारात उंचापुरा माणूस. हातात हेल्मेट, डोळे लाल.

"ते सात टप्पेवाले तुम्हीच काय?"

"व्हय व्हय, मीच!"

त्यानं तोंड उघडलं, तोवर आक्कानं कुंकू लावलं, आरती फिरवली. मी शाल घातली.

"अहो, मी भांडायला आलोय!"

"भांडा की! आधी बसा."

शालीत बसून भांडायला माणसाला जमत न्हाय. महावीर त्याचं नाव. शिऱ्याची बशी हातात घेऊन तो म्हणाला, "अण्णा, तुम्हाला कुणीबी उत्तर देत नव्हतं. तुमचाच संदेश डोंगरावरनं फिरून तुमच्याकडं यायचा. हवेतली वाट एकच, सगळ्यांची. ती तुम्ही एकट्यानं अडवली. गेल्या रविवारी आमच्या सायकल फेरीतल्या मदतीच्या गाडीचे संदेश पोचलेच न्हाईत; नकाशावर ती निपाणीत उभी, आणि खरी गाडी संकेश्वरच्या पुढं पंक्चर. एक म्हातारा सायकलवाला तिची वाट बघत उन्हात बसून ऱ्हायला."

मी हातातली बशी खाली ठेवली. "बरा हाय न्हवं तो?"

"बरा हाय. पण तुमचं घर काय पळून चाललंय काय? दर अर्ध्या मिनिटाला 'मी हितंच हाय, मी हितंच हाय'!"

हितंच होतो की मी.

त्यानं एक टप्पा केला, अर्ध्या तासाची वेळ लावली. मग दुसऱ्यांदा शिरा घेतला. स्टेशनावरनं स्टेशनाला चिठ्ठीसारखा मजकूर कसा पाठवायचा तेबी शिकवलं. जाताना म्हणाला, "अडचण आली तर लिवा, अण्णा."

मोटरसायकलचा आवाज गल्लीबाहेर गेला. रेडिओ गप्प. घर गप्प.

संध्याकाळी ऱ्हावेना. पाठवला मजकूर: 'जेवलासा काय?'

लगेच उत्तर! 'जेवलासा काय?'

काय मायेचा माणूस! आधी मलाच विचारतोय. लिहिलं, 'व्हय. भाकरी आणि झुणका.'

उत्तर आलं, 'व्हय. भाकरी आणि झुणका.'

आक्काला ओरडून सांगितलं, "आक्का, बोरगावातबी आज झुणकाच!"

मग चष्मा लावला. 'कोणाला' या रकान्यात माझीच कॉल साईन होती, लायसनसोबत मिळालेलं माझं हवेतलं नाव. दोन्हीकडनं मीच.

तुम्ही म्हणाल, तिथं थांबलो असेन. न्हाय हो. लिहून बघितलं, 'मीठ जरा कमी पडलं.'

त्याच्याकडंबी कमीच पडलं होतं!