दुपारी एक ते चार लिफ्ट बंद

लालबागच्या आमच्या इमारतीचं वीजबिल कमी झालं, ते लिफ्ट बंद ठेवल्यामुळे नव्हे. हे आधी लिहून टाकतो, कारण तोंडी सांगून माझा घसा बसला तरी कोणी ऐकत नाही. आणि लिफ्ट बंद करायला लावणारा मीच.

चाळ पडून त्याच जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा घराघरांत गिझर आले, वॉशिंग मशीन आली, आणि बिलं बघून लोकांचे डोळे पांढरे झाले. मी गिरणीत टाइमकीपर होतो, आकडेमोडीची सवय. यंत्रावर लिहिलेले वॅट बघायचे, दिवसाचे तास धरायचे, गुणाकार करून हजाराने भागायचं, की युनिट आले. हा हिशोब मी घरोघरी करून देऊ लागलो. "काका, आमचा फ्रिज किती खातो?" मी फ्रिजचे चोवीस तास धरायचो. आतला गारवा पुरेसा झाला की तो मधूनमधून थांबतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. गिरणीत माणूस गेटातून आत आला की बाहेर पडेपर्यंत त्याचे तास भरत. मी यंत्रांचीही तशीच हजेरी लावत होतो. सातव्या मजल्यावरच्या एका घराने माझं ऐकून रात्रीचा फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं, तर म्हणाले, यंदा उन्हाळा फार आहे.

मग सोसायटीचं सामायिक बिल भरमसाट आलं. त्यात जिन्याचे दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट, सगळं एकाच मीटरवर. सेक्रेटरी आमच्या चाळीतलाच, माझ्यासमोर वाढलेला. म्हणाला, "काका, तुम्हीच काढा हिशोब." मी लिफ्टच्या मोटरवरचा आकडा उतरवला आणि अख्ख्या दिवसाने गुणला. सभेत आकडा वाचला. मग मागून एकजण म्हणाला, "म्हणजे आपण रोज टॅक्सीनेच वर जातोय की!" ठराव झाला, दुपारी एक ते चार लिफ्ट बंद. त्या वेळी कोणाला लागते? टाळ्या पडल्या. मीही हसत बसलो होतो.

लागत होती माझ्याच शेजारी, बाराव्या मजल्यावर. माझ्या वारलेल्या मित्राची बायको, आमची वहिनी. चाळीत आमच्या खोल्यांची भिंत एक होती. तिचे गुडघे गेलेत. दुपारी भांडी झाली की ती खाली उतरायची आणि गेटामागच्या ओट्यावर चाळीतल्या जुन्या बायकांबरोबर बसायची. सुक्या जवळ्यातला कचरा निवडत सगळ्यांची सगळी बातमी घ्यायची. चारला पोरं शाळेतून आली की ओटा रिकामा. लिफ्ट बंद झाली आणि तिचं जाणं थांबलं. आजाऱ्यांसाठी वॉचमनकडे किल्ली होती. ती म्हणाली, "मी काय आजारी आसंय?" आणि पॅसेजच्या जाळीतून खाली बघत उभी राहू लागली. मला मात्र तिने कधी एक शब्द ऐकवला नाही. तो ऐकवला असता तर बरं झालं असतं.

राहवेना म्हणून एका दुपारी मी मीटररूममध्ये गेलो. लिफ्ट कुलपात, तरी मीटरचा लाल दिवा न थांबता लुकलुकतोय. पंप चालू होता. गच्चीवर जाऊन पाहिलं तर टाकी काठोकाठ. पाणी भरल्यावर पंप बंद करणारा फ्लोट तुटलेला, आणि जादा पाणी पाइपातून सरळ गटारात. मी प्लंबर बोलावून तो बसवून घेतला आणि गप्प राहिलो. जिथे टाळ्या घेतल्या तिथेच चूक सांगायची, ते जमेना. वाटलं, बिल उतरू दे, मग हळूच म्हणू, आता लिफ्ट चालू करा.

बिल उतरलं. सेक्रेटरीने ते नोटीसबोर्डावर लावलं, आणि सत्यनारायणाला मला शाल नि नारळ दिला.

आता बोलणं भागच होतं. तिथेच सेक्रेटरीला म्हटलं, "अरे, तो पंप होता. लिफ्ट हलते तेव्हा वीज घेते. उभी असताना दिव्यापंख्यापुरती."

"काका, बिल उतरलं ना?"

"उतरलं, पण..."

"मग चाललंय ते बिघडवायचं कशाला?"

बाजूचा एकजण म्हणाला, "काकांना शाल परत करायचीय वाटतं." सगळे हसले. माझ्या खोट्या आकड्याला एकानेही प्रश्न विचारला नव्हता. खरं सांगायला गेलो तर प्रत्येकाला पुरावा हवा.

शेवटी मी हट्टालाच पेटलो. एक महिना दुपारची लिफ्ट चालू ठेवा, जादा बिल येईल ते मी भरतो. महिन्याने बिल आलं, जवळजवळ तेवढंच. लिफ्टशेजारी चिकटवलेली बंदची सूचना काढली गेली, भिंतीवर गोंदाचे डाग राहिले.

तो महिनाभर वहिनी खाली उतरलीच नव्हती. मी तिचं दार वाजवलं. "चला, लिफ्ट आता कायमची चालू झाली."

"माज्या एकटीसाठी ती पेटी कित्याक हलवतास, भावजी? बिल कोण भरतलो?"

"वहिनी, तो माझा आकडा चुकीचा होता."

"मग लोकांनी टाळये कित्याक वाजयले?"

मी तिला दोन्ही बिलं दाखवली, फ्लोट समजावला, शेवटी दारातच आवाज चढवला. ती तेवढ्याच शांतपणे म्हणाली, "कोण खाली जाणारा आसात तर सांगा. त्याच्यावांगडा येतंय."

म्हणून आता रोज दोन वाजता मला खाली काम निघतं. लिफ्टमध्ये ती जवळ्याची पिशवी पोटाशी धरून मजल्यांचे आकडे बघत राहते. परवा म्हणाली, "दोघा आसलो काय अर्धो अर्धो खर्च पडता." हा हिशोबही चूकच. नवव्या मजल्यापाशी मी तोंड उघडलं होतं, तळाला पोहोचेपर्यंत मिटून घेतलं. ती ओट्याकडे गेली. मी वॉचमनच्या खुर्चीत बसलो, चार वाजेपर्यंत. वर जायलाही तिला सोबत लागते.