बॅटरीवरचं जाकीट

बँकेत सह्या पडताळण्यात माझी सगळी नोकरी गेली. समोरची सही खरी असेल असं आधीच धरून चालायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यामुळे सुनेनं माझ्यापुढे जाकिटाचा खोका ठेवला, तेव्हा त्याची चिकटपट्टी एकदा काढून पुन्हा लावलेली आहे हे मला लगेच दिसलं.

मी आणि बायको जानेवारीत मनालीला निघालो होतो. सून नागपूरकडची, खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तरी तिचं-माझं बोलणं कामापुरतंच. जाकीट बिनबाह्यांचं होतं. अस्तरात बारीक तारा होत्या. खिशातल्या पॉवर बँकेला वायर जोडून बटण दाबलं की पाठ आणि मान गरम व्हायची. पाच व्होल्टवर चालतं, शॉक बसायची भीती नाही, असं तिनं समजावून सांगितलं.

मी जाकीट आतबाहेर करून पाहिलं. कॉलरला एक लांब केस होता आणि आत तिच्या सेंटचा वास.

"वापरून झालेलं दिसतंय," मी म्हणालो.

"हो, थोडं," ती म्हणाली आणि डबा भरायला आत गेली.

झालं, माझी खात्री पटली. ऑफिसात फुकट मिळालं असेल, नाहीतर तिला नकोसं झालं असेल. बायको म्हणाली, अहो, सरळ विचारा ना तिला. मी विचारलं नाही. उलट कुणाला न सांगता स्वतःसाठी बॅटरीवर गरम होणारे मोजे मागवले. माझ्या खोक्याचं सील शाबूत होतं, याचं मला समाधान वाटलं.

एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती. साखरेमुळे वर्षभर माझ्या पावलांना मुंग्या येत होत्या. हल्ली तर चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. डॉक्टरांनाही मी हे दबक्या आवाजातच सांगितलं होतं.

लोहगावच्या विमानतळावर तपासणीत जाकीट ट्रेमधून बाजूला काढलं गेलं. तिथल्या बाईंनी तारा चाचपून पाहिल्या आणि हे काय आहे असं मला विचारलं. माझं नाही, सुनेनं दिलंय, असं मी सांगून टाकलं. त्यांनी ते ठेवून घेतलं असतं तर मला वाईट वाटलं नसतं. पण त्यांनी परत दिलं.

चंदीगडहून पुढे बसनं जायचं होतं. घाट सुरू झाला आणि बसमधला हीटर बंद पडला. बायको कुडकुडायला लागली. तिनं जाकीट चढवलं, बटण दाबलं आणि थोड्या वेळात डोळे मिटले. काही जळतंय का, हे बघायला मी दर पाच मिनिटांनी तिच्या पाठीला हात लावत होतो. मोजे मात्र मी विश्वासानं घातले होते. पायांना ऊब जाणवेना म्हणून बटण सगळ्यात वरच्या आकड्यावर नेलं, आणि तसाच तीन तास बसून राहिलो.

हॉटेलवर मोजा काढला तेव्हा बायकोनं माझा पाय दिव्याखाली ओढला. उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता आणि भोवतीची कातडी पांढरी पडली होती. मला काहीच दुखत नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

बायकोनं घरी फोन लावला. सुनेनं फोड फोडू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठा, असं सांगितलं आणि मग फोन मला द्यायला लावला.

"बाबा, आधी मी मोजेच घेणार होते," ती म्हणाली. "तुमचे रिपोर्ट आणायला गेले होते, तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पायाला गरम काही नको, भाजलं तरी त्यांना कळणार नाही. म्हणून जाकीट घेतलं."

ती पुढे म्हणाली, "तेही कुठे चटका देतं का, बघायला नको? खराडीला जाता-येता आठ दिवस मी घातलं. मानेपाशी जरा जास्त तापतं. वर मफलर गुंडाळू नका."

पायांचं तिला माहीत होतं, आणि तिनं ते माझ्या मुलालाही सांगितलं नव्हतं. मी नुसतं बरं म्हणालो. उरलेले चार दिवस बायको बर्फ बघून आली आणि मी खिडकीत बसून राहिलो.

जखम भरायला दीड महिना लागला. ड्रेसिंगला दर खेपेला सूनच घेऊन जायची. एकदा रिक्षात मी तिला सगळं सांगून टाकलं, मनात काय काय आणलं होतं ते. तिनं ऐकून घेतलं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं, एवढंच म्हणाली, आणि रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं.

आता ती रविवारी सकाळी माझे तळवे तपासते. पहिल्यांदा मी पाय मागे घेतला होता, माझे मी बघेन म्हणालो.

"तुम्हाला वाकता येत नाही, बाबा," ती म्हणाली, आणि खिडकीचा पडदा सरकवून उजेड आत घेतला.