फोनमधले सर आणि घरातले सर

टेलरकाकूंचा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणून अख्खी गल्ली त्याला सर म्हणते. काकूही म्हणतात. पण त्यांच्या ‘सर’मध्ये आदर किती आणि वैताग किती, हे ज्याचं त्यानं ऐकून ठरवावं.

सरांचा दिवस शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर जातो. त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो आणि तोंडात चारपाच शब्द. ‘क्लच.’ ‘सोड.’ ‘हळू.’ ‘आरसा.’ समोरून ट्रक येत असताना ‘मला वाटतं, आपण जरा डावीकडे घ्यावं’ असं म्हणणारा शिक्षक फार दिवस जगत नाही, हे काकूंनाही मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की घरात ट्रक येत नाही.

पण सरांना ते पटवून कोण देणार? घरी आले की ‘पाणी.’ मग ‘चष्मा.’ मग ‘दार.’ आता ते दार उघडायचं, लावायचं की त्याचा रंग काढायचा, ते आपलं आपण ओळखायचं. लग्न झालं तेव्हा काकूंना वाटलं, नवीन आहे, लाजत असेल. पुढे वाटलं, दमत असेल. मग त्यांनी वाटून घेणंच सोडलं. माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, आरडाओरडा नाही, काकूंच्या मशीनला तेलसुद्धा न सांगता घालायचा. फक्त तोंडाला कुलूप, आणि किल्ली कुठे ठेवली ते बहुधा त्यालाही आठवत नसावं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून काकू कापडावर कात्री चालवत.

तर या माणसाला मोटार स्कूलच्या मालकाने सक्ती केली, की शिकणाऱ्यांना वेळ कळवायची ती मेसेजने, आणि नीट, नम्रपणे, पूर्ण वाक्यांत. सोबत नमुनाही दिला. ‘नमस्कार. उद्या आपला तास सकाळी आहे. कृपया पायात बूट घालून यावे.’ सरांनी तो नमुना गिरवला, आणि गिरवता गिरवता त्यांना काय गोडी लागली देव जाणे. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या लेकीलाही ते तसंच लिहू लागले. काकूंना याचा पत्ताच नव्हता. एकदा लेकच फोनवर म्हणाली, “आई, बाबा किती छान लिहितात गं. काल त्यांनी आपल्या गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याबद्दल लिहिलं होतं. मला रडूच आलं.”

काकूंनी फोन कानापासून दूर धरून नवऱ्याकडे पाहिलं. तो टीव्हीसमोर बसला होता. “कुत्र्याबद्दल काय लिहिलंत हो?” त्यांनी विचारलं.

“कुत्रा,” सर म्हणाले आणि आवाज वाढवला.

वैताग यायचं आणखी एक कारण होतं. काकू घराच्या पुढच्या खोलीत कपडे उसवून बेतून देतात. पूर्वी गिऱ्हाईक बाई यायची, आरशासमोर उभी राहायची आणि सासूपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून मग कंबरेत अर्धा इंच घ्या म्हणायची. आता बायका फोटो पाठवतात आणि खाली ‘असंच’. ते कसलं असंच, फोटोतली बाई वीस वर्षांची, ही पन्नाशीची. बरं, समोर आल्या तरी तीच तऱ्हा. कंबरेत बरं वाटतंय का विचारलं तर अंगठा वर करतात. एकीला काकूंनी जरा गमतीचं काही सांगितलं, तर ती तोंडाची एक रेषही न हलवता ‘हाहा’ म्हणाली. हसली नाही, नुसतं म्हणाली. सगळं जग सरांसारखं बोलायला लागलं होतं, आणि सर मात्र फोनमध्ये पानंच्या पानं लिहीत सुटले होते.

मग लेकीचं आणि जावयाचं बिनसलं. बरेच दिवस धुमसत होतं म्हणे. तिने ते आईला सांगितलं नाही, बापाला लिहिलं. आणि बापाने जे उत्तर धाडलं ते लेकीने नंतर आईला दाखवलं म्हणून कळलं. ‘तू ये. सामान जास्त असेल तर मी गाडी घेऊन येतो. का आलीस असं या घरात तुला कोणी विचारणार नाही. तुझी खोली आहे तशीच आहे. आईचं एक जुनं मशीन तिथे ठेवलं आहे, ते मी हलवतो.’

ती दोन बॅगा घेऊन आली. सरांनी दार उघडलं. तिच्याकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं. “आलीस,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “चप्पल.” आणि आत जाऊन मशीन ओढायला लागले. लेक उंबऱ्यातच उभी राहिली. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढचे दिवस काही खरे नव्हते. जेवताना लेक म्हणायची, “बाबा, तुम्ही रागावलात का?” सर म्हणायचे, “नाही.” ती म्हणायची, “मग मी इथे राहिले तर चालेल ना?” सर म्हणायचे, “हं,” आणि ताटाकडे बघायचे. त्या ‘हं’चा अर्थ ‘हो, अगदी’ असा आहे हे काकूंना ठाऊक होतं. पण ज्या पोरीला एका घरातून नकोशी होऊन निघावं लागलं, तिला तो कसा कळावा?

एका दुपारी ती आईच्या मशीनपाशी येऊन बसली. “आई, खरं सांग. बाबांचे मेसेज तू लिहायचीस ना?”

“मी?”

“मग कोण लिहिणार? हा माणूस तसा बोलतो का? मला वाईट वाटू नये म्हणून तू लिहिलंस. मला राग नाही आला गं. पण बाबांना मी नको आहे, हे आता दिसतंय मला. मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे. शनिवारी जाते मी तिकडे.”

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. “अगं, मला ‘येते’ एवढं लिहायचं तर घाम फुटतो,” त्या म्हणाल्या. “मी कुत्र्यावर काय लिहिणार? मला तो कुत्रा आवडतसुद्धा नाही.” पण लेकीने नुसती मान हलवली. तिची समजूत पक्की झाली होती.

सर संध्याकाळी आले तशा काकू त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. “तोंड उघडा आता. ती चाललीय शनिवारी. तिला वाटतं ती तुम्हाला जड झालीय.”

सरांचा चेहरा उतरला. “कोण म्हणालं?”

“तुमचं थोबाड म्हणालं. जा आणि सांगा तिला, राहा म्हणून. चार शब्द.”

सर खुर्चीत बसले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, फोन काढला आणि लिहायला घेतलं. “अहो, ती पलीकडच्या खोलीत आहे,” काकू म्हणाल्या. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि लिहून पाठवून दिलं. पलीकडे टिंग वाजलं. मग लेकीचा थकलेला आवाज आला, “आई, पुरे आता. नको लिहूस.”

आता मात्र काकूंच्या डोक्यावरून पाणी गेलं. त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून उठवलं, लेकीच्या खोलीत नेलं आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. “लिहा,” त्या म्हणाल्या. “इथे, हिच्या डोळ्यांदेखत. आणि तू, बघ नीट. माझे हात हे इथे आहेत.” असं म्हणून त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

सर घामाघूम झाले. एका बोटाने अक्षर शोधू लागले. आणि लिहिताना ते पुटपुटत होते, जसे ते नेहमी पुटपुटत असावेत, कुणी जवळ नसताना. “तू... जाऊ... नकोस.” थांबले. पुसलं. “तू... गेलीस... तर... मी... परत... गप्प... बसेन.” परत पुसलं, परत शोधलं. “तू आल्यापासून... मला... घरी यायची... घाई होते. मी दारातच... हे सांगणार होतो. पण... तुझ्या बॅगा बघून... माझा आवाज... फुटेना.”

लेकीचा फोन तिच्या हातात होता, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती बापाच्या ओठांकडे बघत होती. “बाबा,” ती म्हणाली, “राहू दे, पाठवू नका. ऐकलं मी.”

सरांनी मान वर केली. आपण मोठ्याने बोलत होतो हे त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण ते कानापर्यंत लाल झाले. तरी त्यांनी मेसेज पाठवलाच. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणारा माणूस नाही तो. लेक स्टुलापाशी जमिनीवर बसली आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. सरांचा हात बराच वेळ हवेत राहिला आणि मग तिच्या केसांवर उतरला. शनिवारचं नाव नंतर कोणी काढलं नाही.

काकूंना आनंद झाला, का नाही होणार? पण आत कुठेतरी टोचत राहिलं. या माणसाकडे एवढे शब्द होते तर. आड काठोकाठ भरलेला होता, आणि आपण जन्मभर रिकामा समजून कडेकडेने फिरलो. लेक झोपायला गेल्यावर सर मशीनला तेल घालत होते. काकू एका कपड्याची कड दुमडून टाचत होत्या. “अहो,” त्या शेवटी म्हणाल्या, “मला कधी एक ओळ लिहावीशी नाही वाटली तुम्हाला?”

सरांनी तेलाची कुपी खाली ठेवली. प्रश्नच कळला नाही अशा नजरेने त्यांनी काकूंकडे पाहिलं.

“तू तर इथेच असतेस,” ते म्हणाले.

काकूंनी आयुष्यभराचं बोलणं साठवून ठेवलं होतं, आणि आज ते सगळं ऐकवायचंच असं ठरवलं होतं. राग तर असा आला होता, की हातातला कपडा फेकून द्यावा. पण डोळे भरून आले आणि समोरचा टाका दिसेना. त्यांनी मान खाली घालून सुई उगाच दोनदा कपड्यातून काढली.

“दिवा जवळ आणा जरा,” त्या म्हणाल्या.