मागचं गाव कंचं?

माणसाला छळण्याचे जगात जेवढे प्रकार असतील तेवढे सगळे आमच्या मामांना येत होते, आणि त्यातला एकही त्यांनी माझ्यावर वापरायचा शिल्लक ठेवला नाही. आईचे हे थोरले भाऊ फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी एक ट्रक घेतला आणि कवठे महांकाळचा बेदाणा पुण्याच्या बाजारात पोचवायला लागले. पुढे मोतीबिंदूमुळे स्टेअरिंग सुटलं, तेव्हा गाडीवर मला बसवलं. माझं लायसन तेव्हा कोरं करकरीत होतं आणि अंगात नवी रग होती. मामा शेजारच्या सीटवर मांडी घालून बसत. गाडी मी चालवत असे आणि मला ते.

जरा कुठे गाडीला लय सापडली की शेजारून आरोळी येई, "हाल्ट!" झाड दिसलं की हाल्ट, जेवण झालं की हाल्ट. मी इंजिन बंद करतो न करतो तोच मामा किल्ली उपसून घेत, कमरेच्या करदोट्याला गाठीवर गाठ मारून बांधत आणि झाडाखाली पालथे पडत. ती किल्ली काढायची तर आधी मामांना उताणं करावं लागे, आणि बसलेली म्हैस उठवणं त्याहून सोपं. वर ते असे घोरत की फांदीवरचे कावळे उडून जावेत. मी गाडीभोवती येरझाऱ्या घालीत मनातल्या मनात त्यांचा उद्धार करी. एकदा व्यापाऱ्याचा फोन आला. माल कुठंय म्हणून तो किंचाळत होता. मामांनी डोळे न उघडता फोन कानाला लावला आणि म्हणाले, "शेठ, तुमचा बेदाना आदीच वाळलाय. आनि किती वाळनार हाय त्यो?" शिव्या मात्र नंतर मी खाल्ल्या. मोबाईलमधली रस्ता सांगणारी बाई तर त्यांची हाडवैरीण. ती पोचायची वेळ सांगायला लागली की ते मला म्हणत, "तिला झोप येत न्हाई रं, तिचं काय ऐकतूस?"

सगळ्यात संतापजनक प्रकार पुढेच आहे. गाडी चांगली धावत असताना मामा मधेच विचारत, "मागचं गाव कंचं?" नुकतंच मागे पडलेलं गाव बरोबर सांगितलं तर "बरं, चल" एवढंच म्हणत. चुकलं तर हाल्ट. लग्न होऊन बाप व्हायला आलेल्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं गावांची नावं विचारायची म्हणजे काय! मी दात-ओठ खात उत्तरं देत असे.

माझ्या मुलीचं बारसं बायकोच्या माहेरी, पलूसला होतं. आदल्या दिवशी बाजारात माल उतरायला उशीर झाला, डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन आम्ही परत निघालो. बारसं दुपारचं. साताऱ्याच्या अलीकडच्या खंडाळ्याला मामांचा ठरलेला मुक्काम असे, पण त्या दिवशी तेच म्हणाले, "चल, आज नगं." मला वाटलं, म्हातारा सुधारला. साताराही मागे पडला. उंब्रज जवळ आलं तेव्हा प्रश्न आला.

"मागचं गाव कंचं?"

"नागठाणं," मी म्हणालो.

"आतीत गेलं. काशीळ गेलं. मदी तू कुटं व्हतास?"

मी रस्त्याकडेच बघत होतो, डोळे सताड उघडे होते. पण काशीळ आठवेना.

"हाल्ट."

"आवं मामा, पोरीचं बारसं हाय! आज तरी ऱ्हाऊ द्या!"

"हाल्ट म्हंजे हाल्ट."

किल्ली करदोट्याला गेली. मी नाही नाही ते बोललो. तुम्हाला पोरबाळ नाही, तुम्हाला काय कळणार, इथपर्यंत बोललो. ते नुसते म्हणाले, "येष्टीनं जा मग." मी तणतणत थांब्यावर गेलो, बाकावर बसलो आणि एसटीची वाट बघता बघता तिथेच बसल्या बसल्या झोपलो. किती गाड्या आल्या आणि गेल्या, देव जाणे. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि शेजारी मामा चहाचा ग्लास धरून बसले होते.

"मला उटवायला काय झालं व्हतं?" मी ओरडलो.

"झोपल्याल्या मानसाला उटवू न्हाई," ते म्हणाले.

पलूसला पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते. पोरीचं नाव मला शेजारणीकडून कळलं. बायको माझ्याशी बोलली नाही आणि सासरे तर बोलले नाहीत हेच बरं. मामांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चांदीचे इवलेसे वाळे होते, पुण्याहून घेतलेले. आत्याबाईंनी बाळाला पाळण्यात घालायच्या आधी त्याच्या पायात ते घालायचे म्हणून त्यांनी खंडाळ्याचा मुक्काम सोडला होता. पाळण्यात झोपलेल्या पोरीकडे त्यांनी लांबूनच बघितलं. "ऱ्हाऊ दे, झोपलीया," म्हणाले आणि पुरचुंडी उशाशी ठेवून बाहेर गेले. तरीही माझा राग गेला नाही. खोटं कशाला बोलू, आजही गेलेला नाही.

मुलगी आता शाळेत जाते. मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. गाडी माझ्याकडेच आहे, व्यापारी तसेच किंचाळतात, आणि दुपारी किल्ली करदोट्याला बांधून मी झाडाखाली पालथा पडतो. चालवताना मात्र एक खोड लागली आहे. गाव मागे पडलं की रिकाम्या केबिनमध्ये मी मोठ्यानं त्याचं नाव घेतो. "काशीळ," म्हणतो आणि जरा थांबतो. शेजारच्या सीटवरून "बरं, चल" असं कोणी म्हणत नाही, आणि मला म्हाताऱ्याचा पुन्हा भयंकर राग येतो.