अठरा नंबरची नळी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या एप्रिलमध्ये आम्हा शिक्षकांना जिल्ह्याच्या सीमेवरच्या नाक्यावर ड्युटी लागली. शाळा तशाही बंद होत्या. अर्जुनी मोरगावच्या बाजूला मी ज्या गावात राहते आणि शिकवते, तिथून स्कुटीने वीसेक मिनिटांवर रस्त्यात बांबू आडवा टाकून नाका केला होता. बाजूला मंडप, त्यात दोन टेबलं. पहिल्यावर मी. येणाऱ्याचं नाव, गाव, कुठून आला, मोबाईल नंबर, सगळं अनुक्रमांक टाकून रजिस्टरमध्ये लिहायचं. दुसऱ्या टेबलावर लॅबचा माणूस, माझ्यासारखाच पन्नाशीला आलेला. तो नाकात काडी घालून नमुना घ्यायचा, काडी नळीत टाकायचा आणि नळीवर नंबर लिहायचा. माझ्या पानांचा फोटो तालुक्याला जायचा, तिथे कोणीतरी त्याची यादी टाईप करायचं. नळ्या खोक्यातून लॅबला जायच्या. यादीतला नंबर आणि नळीवरचा नंबर एकच असणार, हे सगळे धरूनच चालले होते. मीसुद्धा.

त्या दिवसांत तेलंगणात मिरची तोडायला गेलेली माणसं परत येत होती. आमच्याकडून दरवर्षी जातात. धान निघालं की इकडे काम उरत नाही, मग नवरा-बायको दोघंही तिकडे जातात आणि ऊन तापायच्या आत परततात. त्या वर्षी बस मिळत नव्हती. कोणी मालाच्या ट्रकवर बसून यायचं, कोणी चालत. अशा लोकांना नाक्यावर तपासायचं आणि आपापल्या गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचं, असा हुकूम होता. मोटारीतून येणाऱ्याच्या हातावर मात्र शिक्का मारून त्याला घरी पाठवत. रांगेत उभ्या असलेल्या माणसांना हे दिसत होतं, आणि त्यावरून रोज भांडणं व्हायची. शिव्या आम्हीच खायचो, कारण समोर आम्हीच बसलेले असायचो.

एके दिवशी दहाच्या सुमाराला आमच्याच गावचा नऊ जणांचा गट आला. त्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. पहिली ते चौथी माझ्याच वर्गात शिकलेली, आता लग्न होऊन गावातच नांदणारी. तोंडाला ओढणी गुंडाळलेली होती, तरी डोळ्यांवरून ओळखली. तिखटाने बोटं सोलवटली होती. तिने लांबूनच हात जोडले. मी नावं लिहिली. गटाचे नंबर चौदा ते बावीस. तिचा नवरा सतरावा, ती अठरावी.

लॅबवाल्याने चार नमुने घेतले, शेवटचा तिच्या नवऱ्याचा. मग खोकं उलटं करून दाखवलं. काड्या आणि नळ्या, दोन्ही संपल्या होत्या. नाक्यावर देखरेखीला असलेल्या साहेबांनी फोन लावला. पलीकडून दुपारनंतर खोकं पाठवतो म्हणाले. उन्हात उभी असलेली ती माणसं पाहून साहेबांनाही कसंतरी झालं असावं. या पाच जणांनाही शाळेत जाऊ द्या, उद्या आमची टीम गावातच येऊन नमुने घेईल, असं ते म्हणाले. मी रजिस्टर पुढे करून विचारलं की या पाच नावांचं काय करू. राहू द्या, म्हणाले. मी माझ्या सवयीने ज्या चौघांचे नमुने झाले त्यांच्या नावासमोर पेन्सिलने बरोबरची खूण केली, बाकी पाच तसेच सोडले.

दुपारी खोकं आलं. त्यानंतर पहिली आली ती एक पांढरी मोटार. तिरोड्याचे तांदळाचे व्यापारी, वय साठीच्या आसपास, मागच्या सीटवर एकटेच. त्यांना मी तेवीस नंबर दिला. हिंदीत बोलले, फार सभ्य माणूस. नमुना देताना डोळ्यांतून पाणी आलं, तर स्वतःच हसले. शिक्का मारून गेले.

दुसऱ्या दिवशी टीम गावात आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेच्या दोन खोल्यांत नऊ माणसं, एक हातपंप, एक संडास. घरचे लोक फाटकापाशी डबे ठेवून मागे सरकत. गावात दोन्हीकडून ओरड होती. आतले म्हणत, तपासा नाही तर सोडा. बाहेरचे म्हणत, तपासलं नाही तर ठेवलं कायले, आमच्या पोराबाळांच्या जिवाशी खेळून राहिले काय. पाचव्या दिवशी गावातली तीस-चाळीस माणसं नाक्यावर येऊन रस्त्यात बसली. जीप आली, आश्वासन मिळालं, माणसं उठली. त्या दिवशी मी मंडपात मान खाली घालून बसले होते. समोर माझेच शेजारी होते.

सातव्या दिवशी सकाळी फाटकासमोर अॅम्ब्युलन्स लागली. मला वाटलं, टीम आली एकदाची. मी चप्पल घालून तशीच गेले. गाडीतून उतरलेला माणूस टीमचा नव्हता. त्याच्या हातात कागद होता आणि कागदावर एकच नाव होतं. माझ्या विद्यार्थिनीचं. पॉझिटिव्ह.

रिपोर्ट चार दिवसांपूर्वीचेच होते, गाडी आज मिळाली, असं तो म्हणाला; बाकी आठ जणांचे निगेटिव्ह आले होते. आठ जणांचे. त्यातल्या चौघांच्या नाकाला कोणी हातही लावला नव्हता.

मला पहिल्यांदा कळेचना. मी तो कागद दोनदा वाचला. ती व्हरांड्यात उभी होती, नवरा तिच्या मागे. ती ओरडली नाही की रडली नाही. मोठ्या गोंधळलेल्या आवाजात, वर्गात शंका विचारावी तसं, तिने मला विचारलं, "बाई, माझ्या नाकात तं कोनी काडी घातलीच नाई. तुमी तं तिथंच होत्या. सांगा ना यायले."

मी त्या माणसाला सांगितलं. हिचा नमुना घेतलेला नाही, मी स्वतः तिथे होते, माझ्याकडे खूण आहे. त्याने मास्क खाली केला, घाम पुसला. तो उद्धट नव्हता. म्हणाला, मॅडम, तुमचं खरं असेल, पण यादीत नाव आहे. मी हिला सोडून गेलो तर उद्या माझ्यावर केस होईल. तोवर रस्त्याच्या पलीकडे गाव जमलं होतं. न्या तिले लवकर, असं दोघं-तिघं म्हणाले. कालपरवा तिच्यासाठी रस्त्यात बसलेलीच ती माणसं होती.

मी फाटकात उभी होते. गाडीचं मागचं दार उघडायला त्याला जागा हवी होती. मी बाजूला झाले.

ती गेल्यावर मी रजिस्टरचा फोटो घेऊन तालुक्याला गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी बसायला सांगितलं, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की रिपोर्ट आला म्हणजे नमुना गेला असणारच, त्याशिवाय मशीन रिपोर्ट देणार कशी. गर्दीत तुमच्या लक्षात राहिलं नसेल. मी अर्ज लिहून दिला. त्यावर शिक्का मारून त्यांनी मला पोच दिली. परतताना मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. खरंच माझं चुकत तर नसेल?

घरी आले, फोटो समोर ठेवून बसले आणि लॅबवाल्याला फोन लावला. त्याला विचारलं की त्या दिवशी खोकं आल्यावर पहिल्या नळीवर तुम्ही कितवा नंबर टाकला. तो म्हणाला, "मॅडम, सतरावर थांबलो होतो, तं अठरा टाकला. मी ओळीनंच टाकतो. यादीचं मले काय माहीत?"

मी फोटोतल्या ओळी पुन्हा बोटाने मोजल्या. अठरा नंबरच्या नळीत त्या पांढऱ्या मोटारीतल्या माणसाचा नमुना होता. त्यांच्या मागच्या चौघांचे नमुने आमच्या गावच्या उरलेल्या चौघांच्या नावावर गेले होते, आणि त्यांच्या स्वतःच्या तेवीस नंबरवर कोण्या भलत्याचाच निगेटिव्ह रिपोर्ट गेला होता. म्हणजे माझी विद्यार्थिनी गोंदियाच्या कोविड सेंटरमधल्या रुग्णांच्या हॉलमध्ये होती, आणि तो माणूस सात दिवस स्वतःच्या घरात, आपण ठणठणीत आहोत या समजुतीत, बायकोमुलांत वावरत असणार.

रजिस्टरमध्ये त्यांचा मोबाईल नंबर होता. मी लावला. मुलीने उचलला. मी नाक्यावरून बोलते आहे, साहेबांची तब्येत कशी आहे, एवढंच विचारलं.

ती म्हणाली, "पापा परसों चले गए. मम्मी नागपूर में हैं, ऑक्सिजन पर." मग थोडं थांबून म्हणाली, "आप लोगों ने तो निगेटिव बताया था ना? इसीलिए पापा खांसी की दवा खाकर बैठे रहे."

ऐकून वाईट वाटलं, असं काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही. त्या दिवशी मी जेवले की नाही, आठवत नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, काय झालं. त्यालाही सांगू शकले नाही. माणूस गेला होता, आणि तो नंबरांच्या चुकीने गेला होता, हे वाक्य तोंडातून काढायचीच मला भीती वाटत होती.

आठवड्याभराने तालुक्याच्या अधिकाऱ्यांचा स्वतःहून फोन आला. माझ्या अर्जामुळे त्यांनी गोंदियाच्या सेंटरमध्ये तिचा पुन्हा नमुना घ्यायला लावला होता. आवाजात मोठं समाधान होतं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलं. पॉझिटिव्हच निघाली. रिपोर्ट बरोबर होता."

तिच्या आयुष्यातली ती पहिली तपासणी होती. सहा-सात दिवस रुग्णांमध्ये झोपल्यावरची. मी त्यांना हे सांगायला गेले, तर ते म्हणाले, आता विषय संपला ना, तिच्यावर उपचारही सुरू झाले. त्यांच्या दृष्टीने माझा अर्ज निकाली निघाला होता. खोटा कागद त्यांनी तिच्या अंगाने खरा करून दाखवला होता, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. मला वाटतं, त्या सगळ्या महिन्यात मी सर्वांत जास्त हादरले ती या फोनने. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच बरं वाटत होतं.

ती वाचली. अठरा-एकोणीस दिवसांनी घरी आली. चार पावलं टाकली की दम लागायचा, केस मुठीने गळत होते. गावाने अजून पंधरा दिवस तिच्या दारावरून जायचं टाळलं. जून उजाडल्यावर एका सकाळी मी तिच्याकडे गेले. ती ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठायला लागली, मी बस म्हटलं. मी तिला सगळं सांगितलं, नळी, नंबर, तो व्यापारी. तिने सूप खाली ठेवलं.

"तो बुढा मेला?" तिने विचारलं.

"हो."

तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "तुमाले तं त्याच दिवशी माहीत होतं ना बाई, का माझ्या नाकात काडी गेली नाई. मंग गाडीसमोर काऊन नाई उभ्या राहिल्या?"

यात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "घाबरली मी. गाव समोर होतं, त्याच्या हातात सरकारी कागद होता. मला वाटलं, वरचे लोक दुरुस्त करतील."

तिने मान हलवली. माफ केलं की नाही, ते मला आजही माहीत नाही. तिने चहा ठेवला, मी प्यायले. निघताना एवढंच म्हणाली, "त्या पोरीले तरी सांगा. तिचा बाप गेला."

मी घरी जाऊन तिरोड्याचा तो नंबर पुन्हा लावला. आई नागपूरहून परतली होती, त्या मुलीने आधी तेच सांगितलं. मग मी बोलत गेले. हिंदी माझी अडखळत होती, पण या वेळी काही गाळलं नाही. नाक्यावर कोण बसलं होतं, तेही सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "ये सब आप लिखकर देंगी? अपने दस्तखत के साथ?"

मी हो म्हटलं. दोन पानं झाली. रजिस्टरच्या फोटोची प्रत जोडली आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. एक प्रत जिल्ह्याला दिली. पुढे चौकशी बसली. मला दोनदा बोलावलं, लॅबवाल्याला चारदा. त्याची बदली झाली. टाईप करणारा कोण होता, हे शेवटपर्यंत सापडलं नाही. मला समज देणारं पत्र आलं, की शासकीय कागदाची प्रत परस्पर बाहेर दिली. ते माझ्या फाईलला लागलेलं आहे.

व्यापाऱ्याच्या मुलीने कोर्टात जायचं ठरवलं आहे, असं मध्यंतरी तिने कळवलं. साक्षीला याल का, असं विचारलं. माझ्या विद्यार्थिनीलाही तिने स्वतः फोन केला होता. आम्ही दोघींनी येतो म्हणून सांगितलं आहे.